मे महिन्यात सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन एका दिवसात रेवदंडा ते मुरुड जुनी ठिकाणं बघून होतील का?

होतील, नक्की होतील. तुम्ही लिहिलंय की आईंचं माहेर चौलचं, बाबा तरुणपणी काही वर्षं मुरुडला नोकरीला होते, आता दोघांचे गुडघे बोलतात, मुक्काम नको म्हणतात आणि तुम्हाला ठाण्याहून सकाळी निघून रात्री परत यायचंय. माझ्या आईचं माहेर रेवदंड्याचं, गेल्या मे महिन्यात आम्ही तिला आणि मावशीला घेऊन हाच रस्ता केला, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे यूट्यूबवर "अलिबाग वन डे ट्रिप" म्हणून ज्या याद्या असतात त्या बाजूला ठेवा. त्या पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी असतात. ज्यांचं बालपण तिथे गेलंय त्यांना काशिदची पांढरी वाळू आणि बनाना राईड दाखवून काय करणार, त्यांना बघायची असते शाळेची पायरी, एसटी स्टँड, होडी लागायची ती जागा, अमक्याचं दुकान. म्हणून आधी घरी बसून त्यांनाच विचारा आणि ते जे बोलतील ते कागदावर उतरवा. माझ्या आईने किल्ल्याचं नावच घेतलं नव्हतं, तिने सांगितलं की आमच्या वाडीतली विहीर, धक्का, आणि जमलं तर कोर्लईचं दीपगृह. मावशीने सांगितलं फक्त नांदगावचा गणपती. मग प्रवास त्याभोवती आखला. तुमच्या बाबांचं मुरुड म्हणजे जंजिरा नसेल, ऑफिस असेल किंवा भाड्याची खोली असेल, हे आधी कळलं तर तुमचे दोन-तीन तास वाचतात.

दुसरं, तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघू नका, तिथी बघा. इथल्या किनाऱ्यावर अजून चालणारा हिशोब असा की तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, सकाळी पण आणि रात्री पण. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थी असेल तर तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि भर दुपारी बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, मोबाईलवर भरतीचं टेबल बघून खात्री करायचीच, पण दिवस ठरवायला हा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी वर पण खूप येतं आणि आत पण खूप लांब जातं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती असते, तेव्हा पाणी फार हालत नाही. तुमच्यासाठी मी तेरस-चौदस सुचवेन, कुठल्याही पक्षातली चालेल. सकाळी दहाच्या सुमाराला भरती म्हणजे तुम्ही राजपुरीला उभे असाल तेव्हा जंजिऱ्याभोवती पाणी भरलेलं, आणि दुपारी चार-साडेचारला ओहोटी म्हणजे अलिबागला पोचाल तेव्हा तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट उघडी.

हो, मी उलटा क्रम सांगतेय. आधी सगळ्यात लांब जायचं, मुरुड-राजपुरीला, आणि तिथून थांबत थांबत उत्तरेला यायचं. याचं कारण वय आहे. म्हातारी माणसं सकाळी ताजी असतात, पहाटे साडेचारला ठाण्याहून निघालात तर गाडीत डुलक्या काढत वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड करत सातपर्यंत अलिबाग पार होतं, रस्ता मोकळा असतो, ऊन नसतं. आणि मग दिवसभर प्रत्येक थांब्याला घर जवळ येत जातं, कोणी दमलं तर पुढचे थांबे गाळून सरळ निघता येतं. सरळ क्रमाने गेलात की संध्याकाळी सात वाजता तुम्ही मुरुडला असाल, दमलेली माणसं, समोर काळोख, आणि अजून दीडशे किलोमीटर. अलिबाग ते मुरुड जेमतेम पन्नास किलोमीटर आहे पण वळणाचा, गावागावातून जाणारा रस्ता आहे, दीड तास धरूनच चाला. शिवाय रेवदंडा-साळावच्या खाडीवरचा पूल जुना आहे, निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारा चालू आहे ना ते.

मुरुडला पोचलात की आधी चहा-नाश्ता, मग बाबांना त्यांच्या जागी नेऊन सोडा आणि घाई करू नका. बाजारपेठेतून पायी चालू द्या. आमच्यासोबत मुरुडशी नातं असलेलं कोणी नव्हतं म्हणून आम्ही थेट राजपुरीला गेलो. जंजिऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सत्तरी पार केलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांना त्या शिडाच्या होडीत बसवू नका. धक्क्यावरून होडीत उतरणं एक वेळ जमेल, पण किल्ल्याच्या दरवाजापाशी होडी लाटेवर वरखाली होत असते आणि त्यातून पायरीवर पाय टाकायचा असतो, तिथे तरुण माणसंही हात धरून उतरतात. राजपुरीला यायच्या रस्त्यावर चढावर एक वळण आहे, तिथून आख्खा किल्ला दिसतो, भरती असेल तर तटाच्या पायापर्यंत पाणी. तिथे गाडी बाजूला लावून खुर्ची टाकून बसा. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला घेता आला नाही, महाराजांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जंगी प्रयत्न केला, तरी नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, म्हणजे तुमच्या बाबांच्या नोकरीच्या काळात नवाबाचं राज्य डोळ्यांनी बघितलेली माणसं गावात होती, त्यांना विचारून बघा, आठवणी निघतील. पद्मदुर्ग मुरुडच्या किनाऱ्यावरूनच दिसतो, त्यासाठी वेगळं कुठे जायला नको.

मुलं बरोबर असतील तर एक सांगून ठेवते. २०१६ च्या फेब्रुवारीत याच मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडून गेली. किनारा सपाट दिसतो म्हणून भीती वाटत नाही, पण पाणी ओढतं. ओहोटी लागलेली असताना मुलांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, मग ती कितीही रडू देत.

मुरुडहून निघालात की नांदगाव. इथे दहा मिनिटंच थांबायचं ठरवलं होतं, तास कधी गेला कळलं नाही. सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, साधं, गावातलं. पण या गावचा एक माणूस मला फार मोठा वाटतो, गणेश दैवज्ञ. पाचशे वर्षांपूर्वी इथे राहून त्यांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला आणि पुढे कित्येक शतकं आपल्याकडची पंचांगं त्या गणितावर निघत होती. आत्ता मी वर जो तिथीचा हिशोब सांगितला तो करताना आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघतो ना, ती तिथी काढायची सोपी रीत या समुद्राकाठच्या गावात बसून एका माणसाने बसवली. वेधशाळा नाही, दुर्बीण नाही, समोर समुद्र आणि वर आकाश. माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिने आधी विश्वासच ठेवला नाही, मग देवळाच्या पायरीवर बसून माझ्या मोबाईलवर त्या दिवशीची तिथी काढून तिने पाऊणपट केली आणि टेबलाशी ताडून बघितली, वीस मिनिटांचा फरक निघाला. मावशी तोपर्यंत आत गाभाऱ्यासमोर बसलेली. तिच्या लग्नानंतर नवरा-बायको पहिल्यांदा इथेच आले होते, एसटीने, एवढंच तिने सांगितलं, पुढे कोणी विचारलं नाही.

काशिदला गाडीतूनच बघा. सुरूची झाडं, वाळू छान आहे, पण गर्दी आणि मे मधलं अकराचं ऊन. फक्त तिथे स्टॉलवर ताडगोळे आणि कोकम सरबत मिळतं ते घ्या, आणि वॉशरूमची सोय बघून घ्या, कारण पुढे कोर्लईपर्यंत नीट जागा नाही. हे लोक लिहीत नाहीत पण म्हाताऱ्या माणसांच्या प्रवासात यावरच सगळं अवलंबून असतं, आई पाणी प्यायचीच बंद होते मग, वाटेत जागा मिळणार नाही या भीतीने, आणि दुपारी डोकं धरून बसते. थांबायच्या जागा आधी ठरवा आणि त्यांना सांगून टाका, इथे इथे सोय आहे, बिनधास्त पाणी प्या.

कोर्लईला मुख्य रस्ता सोडून गावातून खाली उतरायचं, गल्ली अरुंद आहे, समोरून टेम्पो आला की एकाने मागे घ्यायचं. सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, होड्या, जाळी, आणि मग किनाऱ्याच्या कडेने रस्ता थेट दीपगृहापर्यंत जातो. किल्ला त्याच्या मागे डोंगरावर आहे, पोर्तुगीजांचा, कुंडलिका नदी समुद्राला मिळते त्या तोंडावर. तुम्ही वर चढायचा विचार करू नका, दीपगृहाच्या आवारातून समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतं तेवढं पुरे. पण गावात थोडं रेंगाळा. इथल्या ख्रिश्चन वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीची मिसळ झालेली बोली घरात बोलतात, पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं होऊन गेली तरी. माझी आई लहानपणी रेवदंड्याच्या बाजारात या बायकांना मासळी-भाजी विकताना ऐकायची, आम्ही तिथे उभे असताना दोन बायका आपसात बोलत जात होत्या आणि आईचा चेहरा एकदम खुलला, म्हणाली, "हेच गं, हेच, अगदी असंच बोलायच्या." ती बोली बोलणारी माणसं आता हजारच्या आत राहिलीत असं म्हणतात. ज्यांनी ती लहानपणी ऐकलीय त्यांना ती परत ऐकवणं, मला वाटतं, कुठल्याही किल्ल्यापेक्षा मोठं काम आहे.

मग पूल ओलांडून रेवदंडा. पूल नव्हता तेव्हा इथे तरीची होडी होती, त्यातून माणसं पलीकडे जायची, आईने पुलावर गाडी थांबवायला सांगितली पण तिथे थांबू नका, धोकादायक आहे, अलीकडे-पलीकडे खाली उतरायला जागा आहे. आई धक्क्याजवळ उभी राहून हाताने दाखवत होती, इथून होडी सुटायची, तांडेल अमुक होता, पावसाळ्यात बंद असायची मग मामांच्या घरी सहा महिने जाणं नाही. मुंबईहून यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच आणि रेवसहून एसटी, तुमच्या आईंनीही हेच केलं असणार.

रेवदंडा गाव पोर्तुगीजांच्या कोटाच्या आतच वसलंय, आजचा डांबरी रस्ता तटबंदी फोडून आत येतो आणि बाहेर जातो. १७४० मध्ये हा मराठ्यांकडे आला. आतमध्ये जुन्या चर्चचा उंच मनोरा आहे, सातखणी म्हणतात, सात मजले आता राहिले नाहीत. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला होता, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, त्याचं स्मारकही रेवदंड्यात आहे. आणि ज्यू लोकांचं सिनेगॉग पण. आईच्या वर्गात इस्रायल मुली होत्या, त्यांच्यात शनिवारी घाणा बंद म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, पुढे बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागलाही सिनेगॉग आहे, इस्रायल आळीत. आईंना विचारा, चौलला त्यांच्याही मैत्रिणी असतील.

जेवण इथेच, दुपारी बारा ते चार उन्हात फिरायचं नाहीच. हॉटेल शोधत बसू नका, रेवदंडा-चौल-नागाव पट्ट्यात घरगुती जेवण देणारी घरं भरपूर आहेत, आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगायची, आणि स्पष्ट विचारायचं की जेवल्यावर दोन तास आडवं व्हायला खोली मिळेल का. थोडे पैसे जास्त घेतात पण देतात. तांदळाची भाकरी, सुरमई नाहीतर कोळंबी, सोलकढी, मासे न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं आणि फणसाची भाजी. मडक्यात शेंगा भाजून करतात ती पोपटी मागू नका, ती थंडीतली. म्हातारी माणसं अंगणातल्या झाडाखाली पंख्याशिवाय जशी झोपली तशी घरी एसीत झोपलेली मी बघितली नाहीत.

आता वाडीबद्दल, कारण तुमच्या आईंचं माहेर चौलचं म्हटलंत आणि याची तयारी तुम्हाला करावी लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. लॉकडाऊन होतं, मुंबईतल्या लोकांना बातमी एका दिवसाची होती, पण इथे नारळी-पोफळीच्या आख्ख्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ म्हणजे बारीक, उंच, सरळ झाड, एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. नवीन लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळाला त्याहून कमी नाही, आणि ज्यांच्या पडल्या त्यांनी आजोबांनी लावलेल्या झाडांवर संसार चालवले होते. आईंनी वादळानंतर गाव बघितलं नसेल तर त्यांना आधी सांगा, फोटो दाखवा. कारण त्यांच्या डोक्यात जी वाडी आहे ती दुपारी बाराला पण सावलीची, थंड, पाटाचं पाणी खळखळतंय अशी आहे, आणि समोर दिसेल ते मोकळं आभाळ.

आमची वाडी मामांनी खूप आधीच विकलेली. आईला वाटत होतं बाहेरूनच बघून निघू, परक्यांच्या दारात कशाला. मीच जाऊन हाक मारली. आतून एक बाई आल्या, आईने तिच्या वडिलांचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अहो मग या की आत, तुमचंच आहे," आणि पडवीत बसवून कोकम सरबत दिलं. रहाट कधीच गेला होता, विहिरीवर मोटर होती, पण विहीर तीच, दगडी, कठड्यावर दोरीने पडलेल्या घळी तशाच. आईने त्या घळीत बोट घातलं. मग वाडीत गेलो. जुन्यांपैकी मोजकी झाडं उभी होती, बाकी सगळी नवीन, वादळानंतर लावलेली, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. त्यातल्या एकीला पहिलाच घोस धरला होता, हिरवा, छोटा. आई त्या बाईंना शिंपणं कसं करता, दिवसाआड की रोज, खत काय, असं विचारत बसली आणि दोघी जणी तिथेच मातीत उकिडव्या बसून अर्धा तास बोलल्या, तिचे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत की तिने सांगितलं नाही, माहीत नाही. मला आत जाऊन हाक मारायचा संकोच वाटला असता तर हे सगळं गेलं असतं. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते, आईंच्या माहेरचं घर विकलेलं असलं, पडलेलं असलं, तरी दारात उभं राहून नाव सांगा. जाताना हातात काहीतरी घेऊन जा, पेढे, फळं, रिकाम्या हाताने नको. कोकणात नाव सांगितलं की ओळख निघतेच, आणि नाही निघाली तर पाणी तरी देतातच.

चारनंतर पुढे निघा. आक्षीला रस्त्यापासून जवळच शिलालेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. आधी तो असाच रस्त्याकडेला पडलेला असायचा, आता जरा नीट ठेवलाय. पाच मिनिटं लागतात, बघाच.

अलिबागला पोचाल तेव्हा ओहोटी असेल. किल्ल्यात जायचं तर घोडागाडी करा, ओल्या वाळूतून आणि दगडांवरून चालणं म्हाताऱ्यांना नको, आणि किल्ल्यात किती वाजेपर्यंत सोडतात आणि पाणी कधी फिरेल हे आधी किनाऱ्यावर विचारा. आत आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचं तळं. जमलं नाही तर किनाऱ्यावर बसा, गावातल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला जाऊन या. चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवा, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप बिघडू नये यासाठी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचं हे काम १९०४ पासून इथे हलवलं, इमारतीत लोखंड वापरलेलं नाही.

परतीला रोरो, म्हणजे गाड्या नेणारी बोट घ्या. मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत तासाभरात गाडीसकट पोचता आणि वडखळचा ट्रॅफिक वाचतो, फक्त संध्याकाळच्या फेरीचं बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा, सुट्टीत मिळत नाही. अलिबागहून मांडवा वीसेक किलोमीटर आहे, गाडी वेळेच्या बरीच आधी लावावी लागते. वाटेत पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील, मे संपत आला की संपतात, दिसल्या तिथे घ्या. बाबा मुरुडला नक्की कुठल्या खात्यात होते आणि कोणत्या भागात राहायचे ते कमेंटमध्ये लिहिलंत तर तिथलं आता काय आहे ते माझ्या मुरुडच्या मैत्रिणीला विचारून सांगते.